सहा व्हायल एकदम बोलतात तेव्हा कोणाचं ऐकायचं? विल्यम लॉजच्या वाद्यसंगीताविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बरीच वर्षं हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन वाजवता. कोणीतरी सुचवलं म्हणून सतराव्या शतकातल्या विल्यम लॉज या इंग्रज संगीतकाराचे सहा व्हायलसाठीचे (व्हायल म्हणजे गजानं वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य) संच, म्हणजे एकामागून एक वाजवायच्या रचनांचे गट, ऐकायला घेतले, तानपुऱ्याचं ॲप लावून सा शोधायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी हात टेकले. सगळे एकदम बोलतात, मुख्य सूर कोणाचा ते कळत नाही, मध्येच चक्क बेसूर वाटतं. हे संगीतच असं आहे, की आपल्या कानात काही कमी आहे, की युद्धात मारला गेलेला माणूस म्हणून त्याचं संगीतही असं अस्वस्थ?

कानात काही कमी नाही. अठराव्या शतकात चार्ल्स बर्नी नावाच्या नामांकित संगीत-इतिहासकारानं लॉजची एक रचना स्वतः एकत्र मांडून पाहिली आणि रुक्ष, अवघडलेली म्हणून निकालात काढली. तेव्हा तुम्ही एकटे नाही. आधी ते ॲप मात्र बंद करा. एक तर हे संगीत वाजवणारे बरेच गट आजच्या प्रमाण पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली लावतात, त्यामुळे ॲप आणि ध्वनिमुद्रण जुळणारच नाही. दुसरं म्हणजे या संगीतात सा एका जागी बसत नाही. दोन-चार ओळींत तो घर बदलतो आणि शेवटी परत येतो. तानपुरा लावून हे ऐकणं म्हणजे चालत्या बोटीचा दोर किनाऱ्याला बांधून ठेवणं.

मी कोण हे सांगणारी? मी मिरजेची सतार घेऊन इंग्लंडला आले आणि इथे बेस व्हायलच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या व्हायलच्या, प्रेमात पडले. गेली अठरा वर्षं ती वाजवते, हौशी गटांना शिकवते, आणि महिन्यातून दोनदा आम्ही पाच-सहा जण कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसून नेमकं हेच संगीत वाजवतो. मैफलीची कलावंत नाही. पुढचं सगळं त्या दिवाणखान्यातून दिसतं तसं आहे, हे धरून वाचा.

माझ्या मते तुमची खरी अडचण बेसूरपणाची नाही. तुम्ही श्रोत्याची खुर्ची शोधताय, आणि या संगीतात ती खुर्ची मांडलेलीच नाही.

थोडं मागे जाऊन सांगते. लॉज १६०२ मधला, सॉल्झबरीचा. (आडनावाचा उच्चार ऐकून मला अजूनही एसटी स्टँडसमोरची पाटी आठवते, पण इलाज नाही.) वडील सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये गायक, थोरला भाऊ हेन्री हाही पुढे नावाजलेला संगीतकार. हर्टफर्डच्या अर्लनं विल्यमची चुणूक पाहून त्याला जॉन कोपरारिओकडे शिकायला ठेवलं. हा कोपरारिओ मुळात साधा कूपर, पण इटालियन नावाला भाव होता. पुढे १६३५ मध्ये लॉज पहिल्या चार्ल्स राजाच्या खाजगी संगीतकारांत अधिकृतपणे नेमला गेला.

आता यातली महत्त्वाची गोष्ट: चार्ल्स स्वतः बेस व्हायल वाजवायचा, आणि कोपरारिओच्या ऑर्गनसह वाजवायच्या फँटसींमध्ये (एकमेकांच्या ओळी उचलत जाणाऱ्या मुक्त बांधणीच्या रचना) आपला भाग चोख वाजवायचा, असं पुढच्या पिढीतल्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकानं लिहून ठेवलं आहे. दरबारी संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गादीवर रेललेला राजा आणि समोर कलावंत असं चित्र येतं. तसंही संगीत तिथे होतं. १६३४ मध्ये व्हाइटहॉलला झालेल्या एका भव्य मुखवट्यांच्या खेळासाठी लॉजनं संगीत दिलं होतं, ते बघणाऱ्यांसाठीच. पण व्हायलचे संच हा वेगळा मामला. तिथे श्रोता असलाच तर तो कोपऱ्यात बसलेला पाहुणा. राजासुद्धा वाजवणाऱ्यांतला एक. संगीत एकमेकांना ऐकवायचं, पत्ते खेळताना एकमेकांचे डाव ओळखावेत तसं.

आणि प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःचे पत्ते! त्या काळी सहाही भाग एकाखाली एक लिहिलेली प्रत वादकांपुढे नसे. प्रत्येकाची वही वेगळी आणि तिच्यात त्याचाच आवाज. दुसरा काय वाजवणार आहे हे कळायचा एकच मार्ग, कान. बर्नीनं नेमकं उलटं केलं, सगळं एका कागदावर मांडून वरून पाहिलं. वरून बघितलं की बाजार म्हणजे नुसती गर्दी दिसते.

वाद्याबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही व्हायोलिनवाले आहात आणि व्हायल म्हणजे व्हायोलिनची आजी असा समज सर्रास दिसतो. हे कुटुंबच वेगळं. सहा तारा, त्या आतड्याच्या. मानेवर पडदे, तेही आतड्याचेच आणि गुंडाळून बांधलेले, म्हणजे सतारीसारखे जरा सरकवता येतात. (पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं ते यामुळेच.) लहान असो की मोठी, वाद्य पायांशी धरायचं. गज सारंगीसारखा तळहात वर करून. आवाज बारीक पण रेषा स्पष्ट, स्वर उमलतो आणि लगेच विरतो. थॉमस मेस नावाच्या वादकानं १६७६ मध्ये चांगल्या घरात काय असावं ते सांगताना सहा व्हायलचा एकमेकांशी मेळ खाणारा संच सांगितला आहे: दोन बेस (खर्जाच्या), दोन टेनर (मधल्या), दोन ट्रेबल (वरच्या). लॉजचे सहा आवाजांचे संच बरोबर याच जोडणीसाठी आहेत. सोबत ऑर्गन, पण हळू. मेसची तक्रारच अशी होती की नव्या जमान्यात वरचे सूर इतके चढवतात की मधले आवाज ऐकूच येत नाहीत.

तेव्हा "मुख्य सूर कोणाचा" याचं सरळ उत्तर, कोणाचाच नाही. किंवा ज्याच्याकडे या क्षणी नवा मुद्दा आहे त्याचा. फँटसीमध्ये एक आवाज एक छोटी ओळ टाकतो, पाच-सात स्वरांची. दुसरा ती उचलतो, बहुधा दुसऱ्या स्वरावरून, तिसरा आणखी कुठून तरी. ती पुरेशी फिरली की कोणीतरी नवीच ओळ काढतो. ओळ जिकडे जाईल तिकडे कान न्यायचा, यात अर्धी मजा आहे. दोन ट्रेबल तर एकाच उंचीवर एकमेकांना ओलांडत राहतात, त्यामुळे स्पीकरवर ते एकच वाद्य वाटतं. हेडफोन लावा. चांगल्या ध्वनिमुद्रणात कोण कुठे बसलंय ते कळतं आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता बेसूरपणा. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि तुमच्यासारख्याला तो इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळेल.

देस घ्या. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. ही तुमच्या बोटांत मुरलेली गोष्ट आहे. लॉजच्या काळातल्या सुरावटीलाही मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या पाश्चात्त्य सुरावटीत, जवळपास हीच सवय: वरच्या साकडे जाताना निषाद चढवायचा, खाली येताना उतरवायचा. जी मायनरमध्ये जी हा सा धरला, तर चढताना एफ शार्प, उतरताना साधा एफ. आता कल्पना करा, दोघे एकाच वेळी देस वाजवताहेत, एक चढतोय, दुसरा उतरतोय, आणि निषादावर दोघंही एकाच क्षणी पोचले. दोघंही नियमाप्रमाणेच वागले. पण ऐकणाऱ्याच्या कानात शुद्ध आणि कोमल निषाद एकमेकांवर आपटले.

तुम्हाला जो चटका बसला तो बहुतेक हाच. ही खोड लॉजची एकट्याची नाही, त्याच्या आधीच्या टॅलिस आणि बर्ड या इंग्रज संगीतकारांकडेही ती भरपूर सापडते, इंग्रजांची जुनीच आवड आहे ती. इटलीतले लोक असा प्रसंग आला की हळूच वळसा घालायचे. लॉज वळसा घालत नाही. मला तर वाटतं तो मुद्दाम गर्दीच्या चौकात भेट ठरवतो. (रागाशी तुलना मात्र इथेच सोडा. पुढे ओढली तर ती दिशाभूल करेल, कारण पाच मिनिटांत सा कुठेतरी भलतीकडेच गेलेला असतो.)

दुसरा चटका वेगळा असतो. एक आवाज जुन्या स्वरावर रेंगाळतो, बाकीचे पुढे सरकतात, क्षणभर तो खुपतो आणि मग एक पायरी खाली उतरून मिसळतो. हे त्या काळातलं सर्वमान्य तंत्र. लॉज फक्त एका दुखण्याची सुटका होता होता दुसरं सुरू करतो. शिवाय त्याच्या ओळी स्वतःच आडवळणी, मध्येच मोठी उडी मारणाऱ्या. आमच्या गटात नवा माणूस आला की दहा मिनिटांत विचारतो, "छपाईत चूक आहे का?" मी विचारते, "तुझ्या वहीत तुझी ओळ एकट्यानं वाजवून बघ, चुकीची वाटते का?" वाटत नाही. मग चूक नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मला एकदा जी मायनरच्या सहा आवाजी संचातला दुसरा टेनर दिला. हा सगळ्यात अदृश्य भाग. मी मात्रा मोजत होते, घामाघूम, आणि तरी तिसऱ्या ओळीत हरवले. शेजारची बाई, वय सत्तरच्या पुढे, वाजवता वाजवताच म्हणाली, मोजू नकोस, माझं ऐक. मी मोजणं सोडलं आणि एकदम कळलं की माझ्या प्रत्येक स्वराला कोणीतरी उत्तर देतंय, कधी बेस, कधी पलीकडचा ट्रेबल. बाहेरून ऐकताना दुसरा टेनर कधी जाणवलाही नव्हता. आतून तो मला घराचा मधला खांब वाटला. त्या दिवसापासून मला हे संगीत "समजतं" असं मी म्हणते, तरी हरवणं काही थांबलेलं नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही लॉजकडेच आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. त्याचे नाचांचे दहा संच आहेत, रॉयल कॉन्सर्ट म्हणून ओळखले जाणारे. आधी ते दोन ट्रेबल, टेनर आणि बेस असे होते. पुढे त्यानं ते दोन व्हायोलिन, दोन बेस व्हायल आणि दोन थिऑर्बो (म्हणजे लांब मानेचा, खर्ज तारांचा ल्यूट) यांच्यासाठी नव्यानं बांधले. का? एका जुन्या प्रतीवरची नोंद सांगते की मधला भाग वरच्या भागांइतका ऐकू येत नव्हता. म्हणून तो काढून टाकला आणि बेसला दुगुन-चौगुनसारखं फोडून पळवणारे भाग दिले. म्हणजे ऐकणाऱ्याचा विचार करायचा झाला की लॉज मधला आवाज सरळ कापतो. व्हायलच्या संचांत तो कापत नाही, यावरून ते कोणासाठी आहेत ते ओळखा.

म्हणूनच माझं म्हणणं, तुम्ही डोंगर मागच्या बाजूनं चढायला घेतला. रॉयल कॉन्सर्टपासून सुरू करा, त्यातल्या सराबांद आणि कोरांत या नाचांपासून. छोट्या चाली, ठेका स्पष्ट, वरची ओळ गुणगुणता येते. व्हायोलिन असल्यामुळे तुमचा कान लगेच पकडेल. त्यानंतर त्याचे व्हायोलिनसाठीचे फँटसी-संच: आठ एका व्हायोलिनसाठी, आठ दोन व्हायोलिनसाठी, सोबत बेस व्हायल आणि ऑर्गन. साचा कोपरारिओचाच, एक फँटसी आणि तिच्यामागे दोन नाच. नाचाच्या कामाचं समजलं जाणारं व्हायोलिन इंग्लंडमध्ये गंभीर बैठकीत येऊन बसलं ते या गुरुशिष्यांच्या काळात, त्यामुळे तुमच्यासाठी ही जागा खास आहे. हार्प असलेले संचही आहेत, ते कधीतरी ऐका. त्यातली हार्प आतड्याच्या तारांची की धातूच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि गटानं कोणती निवडली त्यावर सगळा रंग बदलतो.

मग या सहा व्हायलकडे, आणि तेव्हाही फँटसी नको. जी मायनरच्या त्याच संचातली पव्हान घ्या. पव्हान हा संथ चालीचा जुना दरबारी नाच, लॉजपर्यंत येता येता त्यावर कोणी नाचत नव्हतं, पण बांधणी तीच राहिली: तीन खंड आणि प्रत्येक खंड दोनदा. नवख्या कानासाठी हे वरदान आहे. पहिल्यांदा गोंधळ, दुसऱ्यांदा ओळख. पहिल्या दिवशी फक्त खालचा बेस ऐका, वर आग लागली तरी लक्ष देऊ नका. दुसऱ्या दिवशी एक ट्रेबल. मधले टेनर जमेल तेव्हा. तिन्ही खंडांतला बेस मनात वाजायला लागला की फँटसीकडे वळा आणि शेवटी एअर नावाच्या रचनेकडे, तिला पुन्हा नाचाचा ठेका आहे.

कोणाचं ध्वनिमुद्रण? हे आवडीवर आणि थोडं तुमच्या खोलीवर अवलंबून आहे. फँटाझम हा गट आवाज वेगळे ठेवतो आणि त्यांचं वाजवणं बोलल्यासारखं आहे, म्हणून शिकायला मी तोच सुचवते. फ्रेटवर्क अधिक संयमी, एकजीव. जोर्दी साव्हाल यांचा एस्पेरिऑन सगळ्यात गडद आणि नाट्यमय. रात्री ऐकायला अप्रतिम, पण कोण काय वाजवतंय ते शोधायला माझ्या मते तितका सोयीचा नाही. ऑर्गन असलेलं आणि नसलेलं असं दोन्ही ऐका. ऑर्गन धरून ठेवतो, त्यामुळे टोकं बोथट होतात. तुम्हाला खुपणं कमी हवं असेल तर ऑर्गनसह, आवाज वेगळे हवे असतील तर त्याशिवाय.

राहिला युद्धाचा प्रश्न. हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे आणि मला ते पटत नाही. गोष्ट खरीच चटका लावणारी आहे. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं, लॉज राजाच्या बाजूनं गेला. त्याला रसद खात्यात काम दिलं होतं, ते त्याला धोक्यापासून दूर ठेवावं म्हणूनच असं सांगतात. तरी २४ सप्टेंबर १६४५ ला चेस्टरजवळच्या लढाईत तो मारला गेला, वय ४३. राजा स्वतः शहराच्या तटावर होता. तटाच्या एका बुरुजावर तशी पाटी आहे. आम्ही गटानं एकदा तिथे गेलो होतो, पाऊस होता, आणि कोणी फारसं बोललं नाही. त्याच दिवशी राजाचा चुलत-नात्यातला लॉर्ड बर्नार्ड स्टुअर्टही पडला. त्या दुःखातही राजानं लॉजसाठी वेगळा शोक पाळला आणि त्याला संगीताचा पिता म्हटलं, असं थॉमस फुलर या त्या काळच्या चरित्रकारानं नोंदवलं आहे. आडनावाचा अर्थ "कायदे" असा होत असल्यानं एका कवीनं श्लेषही केला, की ज्यांची मर्जी हाच कायदा त्यांनी लॉजला मारलं.

पण व्हायलचे संच बहुतेक १६३० च्या दशकातले किंवा फार तर त्याच्या जरा पुढचे, म्हणजे युद्धाआधीचे मानले जातात. चार्ल्स पार्लमेंटशिवाय राज्य करत होता, दरबार सुखात होता, चित्रं विकत घेतली जात होती. लॉज वाजवत होता आणि त्याच्या आजूबाजूला इंग्लंडातले उत्तमोत्तम वादक होते. त्या खुपणाऱ्या स्वरांत मला भीती ऐकू येत नाही. आपल्यासमोर बसलेले पाच जण कशालाही पुरे पडतील याची खात्री असलेला माणूस ऐकू येतो. शेवट माहीत असला की आपण सुरुवातीतही तोच ऐकायला लागतो, एवढंच.

शेवटचं, तुम्ही विचारलं आहे की तुम्हाला यातलं काही वाजवता येईल का. तुमचं व्हायोलिन सा आणि प या स्वरांत लावलेलं असणार, ते पाश्चात्त्य पद्धतीनं जी-डी-ए-ई असं लावावं लागेल आणि स्टाफ नोटेशन वाचता यायला हवं. ते आधीच येत असेल तर अर्धा वर्ष पुरे, नसेल तर वर्ष धरा. मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची, आणि मींड पूर्ण बंद, हे माझ्यासारख्या सतारवालीला सगळ्यात जड गेलं. रॉयल कॉन्सर्टमधला दुसरा व्हायोलिन घ्या, पहिला नको. पहिला घेतला की तुम्ही पुन्हा मैफलीच्या मधोमध जाऊन बसाल. बाकीचे भाग वाजवणारे जवळपास नसतील तर ते एकेक करून स्वतःच रेकॉर्ड करा आणि त्यांच्यासोबत वाजवा, मी तीन वर्षं असंच केलं. आणि पव्हानमधला दुसरा टेनर कुठे हरवतो ते सापडलं तर मला कळवा. माझा तिसऱ्या खंडात अजूनही हरवतो.